सिद्धूची लांबतच गेलेली चादर

आजारी सिद्धूला भेटायला आम्ही पुण्याला निघालो होतो. टेंभुर्णीला बस चहाला थांबली, तेवढ्यात त्याच्या मुलाचा निरोप आला. माझी बायको गौरी एवढंच म्हणाली, "दादा गेला…" सिद्धू तिचा थोरला भाऊ, आणि त्याहून आधीपासून माझा शाळेतला दोस्त. महिना होत आला, पण त्याची आठवण काढायला बसलो की आधी हसूच येतं.

आणीबाणीच्या आधीचा उन्हाळा असेल. मुंबईला कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकणारा सिद्धू सुट्टीत सोलापूरला आला होता. इथं कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता, म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम चालतो का, हे तो माणसांवर तपासायचा. एका दुपारी त्यानं आम्हा तिघांची मिळून एक चादर केली. गौरी लांबी, मी वजन आणि त्याची आई, अव्वा, रंग. नियम सोपा: आपल्यात बदल झाला की ज्यानं 'मला कळव' म्हणून सांगून ठेवलंय त्याला हाक मारायची, मग त्यानं आपला आकडा बदलायचा. लांबीनं वजनाला कळवायचं, वजनानं लांबीला. रंगाचं कुणाशीच देणंघेणं नव्हतं, म्हणून अव्वा शेंगा फोडत बसली.

"लांबी वाढली!" गौरी ओरडली. "वजन वाढलं!" मी. वजन वाढलं म्हणून पुन्हा लांबी, लांबी वाढली म्हणून पुन्हा वजन… चादर होटगी स्टेशनाच्या पुढं गेली तरी आम्ही थांबेना. सिद्धू डोकं धरून चूक शोधत होता, आणि आम्हाला एकमेकांकडे बघत ओरडायची आयती परवानगी मिळाली होती. तेवढ्यात अव्वाच ओरडली, "रंग बदलला!"

"अव्वा, गप की! रंग कशाला जोडलेलाच न्हाय."

"हाय की," गौरीच्या लाल झालेल्या गालांकडे बघत अव्वा म्हणाली. "लई दिसांपास्नं जोडलेला हाय."

सिद्धूला ते उमगायला संध्याकाळ झाली. मग तो चिडला. आम्ही प्रेमात पडलो म्हणून नव्हे, तर "मला कुणी कळवलं का न्हाय?" म्हणून.

त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, राग मात्र खरा होता. त्यांच्या घरात कन्नड, आम्हा विणकरांच्या घरात तेलुगू. भांडण तेवढं मराठीत झालं. "हितं पुन्हा पाय ठेवायचा न्हाय," अण्णा मला म्हणाले. "मग मीबी ठेवत न्हाय," म्हणत सिद्धूनं बॅग उचलली आणि आमच्याकडे राहायला आला. सुट्टी संपली तरी मुंबईला जाईना. माझी आई तेलुगूत आग्रह करायची, हा कन्नडमध्ये नको म्हणायचा, आणि ताट भरतच राहायचं. शेवटी अण्णाच दारात आले. "शिक्षण बुडवतो का रे गाढवा?" असं त्याला म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच पुढं म्हणाले, "तूबी चल. अव्वानं जेवायला बोलावलंय."

घरोघर फोन आल्यापासून दर रविवारी सिद्धू विचारायचा, "काय बदललं?" काही नाही म्हटलेलं त्याला पटायचं नाही.

परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी येताच गौरीनं सवयीनं त्याचा नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं… ती फोन ठेवणार, तोच पलीकडून सिद्धूच्या बायकोचा, वहिनींचा, आवाज आला.

"त्यांना सांगायचं होतं न्हवं?" वहिनी म्हणाल्या. "मला सांग की."