एका वेळी एक फुली

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत मिळून माझ्या थोरल्या मामीइतकं भित्रं माणूस झालं नाही, आणि झालं असेल तर ते घाबरून केव्हाच दुसऱ्या तालुक्यात गेलं असेल. कुकरची तिसरी शिट्टी मामी नेहमी अंगणातून ऐकायची. मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्याकडे पाठ करून बसायची नाही. वापीच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यासमोर ती एकदा अर्धा तास हात जोडून उभी होती, शेवटी वॉचमनने तिला मागच्या साध्या जिन्याने वर नेलं. पण ही सगळी किरकोळ भीती. आमच्याकडची जमीन हलायला लागली आणि मामीच्या भीतीला खरं काम मिळालं.

गेली काही वर्षं आमच्या भागात भूकंपाचे लहान लहान धक्के बसतात. भांडी वाजतात, भिंतीला केसाएवढी चीर पडते, माणसं बाहेर येऊन 'तुमच्याकडे लागला काय?' असं एकमेकांना विचारतात आणि परत कामाला लागतात. हे परत कामाला लागणं मामीला कधी जमलं नाही. तिने खिडकीच्या गजाला दोऱ्यात ओवलेली एक जाड सुई टांगली होती. सुई हलली की धक्का, असा हिशेब. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे सुई दिवसभर हलायची आणि मामी दिवसभर दचकायची. दाराशी तिच्या चपला अंगणाकडे तोंड करून तयार असायच्या. आणि डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. भाजी निवडताना पातेलं, देवाला दिवा लावताना पातेलं. गुजरातेतल्या उमरगावच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले आमचे मामा अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून मधल्या खोलीत खाटेवर असायचे. कोणी धरल्याशिवाय त्यांना उठता येत नसे, पण जीभ शाबूत होती. "आमच्याकडे भात कशात शिजतो, विचार हिला," ते मला म्हणायचे, आणि मामीची घालमेल फारच वाढली की कारखान्यातल्या गुजरातीत शांत बसायला दटावायचे, "बेस ने शांतिथी!" मामी टेकायची, पण दाराकडे बघत.

डहाणू रोडला माझे भरतकामाचे क्लास आहेत. हात गुंतले की मन थाऱ्यावर येईल, अशा हिशेबाने मी मामीला मॅटीचं कापड, रेशमाच्या लड्या आणि चिकूच्या फांदीचा नमुना नेऊन दिला. फुलीचा टाका घालायच्या दोन रीती. एक म्हणजे एकेक फुली पुरी करत पुढे जायचं. दुसरी म्हणजे ओळभर नुसत्या अर्ध्या फुल्या घालत जायचं आणि परत येताना त्या पुऱ्या करायच्या. मी अर्थातच दुसरीच्या बाजूची. टाके एकसारखे पडतात, दोरा कमी लागतो, मागची बाजू स्वच्छ राहते. मामीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि जाताना मध्येच धक्का बसला तर?"

"तर उठायचं, मामी."

"अर्धी ओळ टाकून? नको गो बाय. माझं चित्त त्या अर्ध्यात अडकून राहील. एकेक पुरी केली म्हंजे कधीपण सुई टोचायची नि उठायचं."

ही गोष्ट मी क्लासमध्ये रंगवून सांगितली. पळायला सोपं जावं म्हणून टाका निवडणारी जगातली पहिली बाई, असं म्हणून आम्ही पोट धरधरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

एका दुपारी मी मामीच्या स्वयंपाकघरात नमुन्याची घरं मोजत होते. मामी पलीकडे पातेलं घालून चिकूची फांदी भरत होती. एकदम जमिनीखालून गडगड आली, फळीवरचे डबे खाली आले, पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. इतके दिवस मामीला हसणारी मी, अनवाणी पळत अंगणातल्या चिकूच्या झाडाखाली पोचले तेव्हा कुठे मला श्वास घेतल्याचं कळलं. सगळी आळी बाहेर होती. मामी नव्हती. दारात तिच्या चपला तशाच, अंगणाकडे तोंड करून. छपराचं एक कौल घसरत येऊन माझ्यासमोर फुटलं.

गडगड थांबल्यावर मी आत धावले. पातेलं मामांच्या डोक्यावर होतं. मामी उघड्या डोक्याने, डोळे गच्च मिटून त्यांच्यावर पालथी पडली होती, आणि इतकी कापत होती की पातेलं खाटेच्या दांडीवर आपटून वाजत होतं.

"अगं, तो थांबला," पातेल्याखालून मामा म्हणाले. "आता तूच हलतेस."

"बाहेर का नाही आलीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

मामीला माझा प्रश्नच कळला नाही. "ह्यांना टाकून?" ती म्हणाली. "माझ्या जागेपासून खाट पाच पावलं हाय. अर्ध्या ओळीत अडकले तर मला पोचायला उशीर नाय का व्हायचा?"

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत, जमीन अगदी शांत असताना. परवा मी गेले तेव्हा पातेलं चुलीवर होतं, त्यात भात रटरटत होता. मामीने चिकूची फांदी बाहेर काढली. एक चिकू तेवढा भरायचा राहिला होता.

"बाय, ती तुझी ओळीची रीत दाखव," ती म्हणाली. "आता अर्धं टाकून उठले तरी चालतं."

मी दाखवली. टाके खरंच एकसारखे पडत होते. हायवेवरून एक ट्रेलर गेला आणि खिडकीतली सुई हलायला लागली. मी दचकून वर पाहिलं. मामी खाली मान घालून ओळ भरत राहिली.