मुकी पट्टी

बाजाची पेटी कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून आज उघडली, तर भात्यातून डांबरगोळ्यांचा वास आला. औशाच्या शाळेतल्या पेटीला हाच वास होता. दुसरीच्या पोरांना मी तिच्यावर सरगम शिकवायची. तिची 'प'ची पट्टी वाजायचीच नाही. मी कितीही गाऊन दाखवलं तरी पोरं पेटीचंच ऐकायची. सा, रे, ग, म म्हणायची, 'प'ला गप व्हायची आणि 'ध'पासून पुन्हा सुरू.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी लातूरहून दुरुस्त होऊन आली. 'प' खणखणीत वाजला आणि अख्खा वर्ग गप. मी पुन्हा वाजवला. पहिल्या रांगेतली शबाना मला समजावत म्हणाली, "बाई, हितं गप ऱ्हायचं असतंय की."

मी पोट धरून हसले. घरी सांगितलं तर हेही लई हसले.

हे जाऊन आता वर्ष होत आलं. रडू येत नाही, काहीच येत नाही. नळाला पाणी आलं की हे अंगणातून ओरडायचे, "आलं गं!" पाणी अजून येतं. बादली लावायच्या आधी, त्यांची हाक यायची तेवढा वेळ, मी गप उभी राहते.