अर्ध्यावर मिटलेलं शास्त्र

आज कोणता दिवस आहे, सांगा बरं?

राहू दे. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी माणसं तुम्ही. तुम्हाला काय आठवणार!

आज सुमनला जाऊन वर्ष झालं.

सुमन माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी नगरकडच्या. नवरे खिदिरपूरच्या गोदीत लागले, म्हणून कोलकात्यात आलो. बेहालाला एकाच गल्लीत दोन घरं. नवरे गेले, आम्ही दोघी उरलो.

मला अक्षर येत नाही. हे सगळं माझी नात रिया ग्रुपवर टाइप करतेय. चुका तिच्या, बोलणी माझी.

सुमन मात्र सातवी शिकलेली. दुपारची भांडी आवरली की ती शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचायची आणि मी शेंगा सोलत ऐकायचे.

अब्राहाम तिचा लाडका.

"आक्का, देव म्हणाला ऊठ, आणि हा उठला बघा. कुठे जायचं तेही विचारलं नाही!"

"मग आपण काय केलं? नवरे म्हणाले कलकत्ता, आपण ट्रंका भरल्या. आपलं कुणी लिहून ठेवलं का?"

ती हसून हसून पदराने डोळे पुसायची.

मला आवडायचा तो घासाघीस करणारा अब्राहाम. परक्यांच्या पापी गावासाठी देवाशी हुज्जत घालणारा. पन्नास चांगली माणसं निघाली तर गाव वाचवशील? बरं, पंचेचाळीस? असं करत करत दहावर आणलं म्हाताऱ्याने.

"ह्याला मासळी बाजारात पाठवायला पाहिजे," मी म्हणायचे.

मग ते गृहस्थ आले.

नाव घेत नाही. तोंड विटाळतं.

कडक इस्त्रीचा कोट, साखरेत घोळलेला आवाज. दर शनिवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रार्थना घ्यायचे. विश्वास असला की औषध लागत नाही म्हणायचे.

त्या शनिवारी त्यांनी अब्राहाम काढला. देवाने त्याच्याकडे मुलाचा बळी मागितला. मुलाला घेऊन डोंगर चढला. लाकडं रचली. मुलाला बांधलं. सुरा उचलला.

आणि इथे त्यांनी पुस्तक मिटलं.

"अब्राहामाने प्रश्न विचारला नाही! तुम्ही काय धरून बसलाय? ते वेदीवर ठेवा!"

वेदी म्हणजे जेवणाचं टेबल, वर पांढरी चादर. लोक एकेक करून आपली औषधं आणून ठेवायला लागले.

सुमन उठली. पर्समधून इन्सुलिनची पेनं काढली. तिला शुगर होती, रोज टोचून घ्यायची. नेऊन ठेवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला पुढचं माहीत होतं हो! तिच्याच तोंडून शंभर वेळा ऐकलेलं.

वरून हाक येते. थांब. पोराला हात लावू नकोस. आणि अब्राहाम थांबतो. झुडपात अडकलेला मेंढा दिसतो, पोराऐवजी तो वाहतो.

पहिली आज्ञा पाळली, त्याचं कौतुक सगळेच करतात. मला कौतुक दुसरीचं. सुरा वर असताना त्याला 'थांब' ऐकू आलं. हात उगारलेल्या माणसाला एरवी काही ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "भाऊ, पुढचं वाचा की."

ते गोड हसले. "आजी, तुम्ही वाचलंय?"

हॉल हसला. सुमनसुद्धा, जराशी.

मी गप्प बसले.

घरी येताना ऑटोत म्हटलं, "सुमन, ती पेनं परत आण."

"देवाला दिलेलं परत मागायचं, आक्का?"

"अगं, अब्राहामाने पोरगं घरी परत आणलंच ना!"

ती बाहेर बघत राहिली. मी विषय सोडला.

अब्राहाम परक्यांसाठी सहा वेळा बोलला. मी सख्ख्या जावेसाठी दोनदा.

दहाव्या दिवशी तिची शुद्ध हरपली. हॉस्पिटलमधून ती परत आली नाही.

मातीच्या वेळी ते गृहस्थ पुढे होतेच. म्हणाले, "किती आज्ञाधारक भगिनी!"

मला ओकारी आली. खरोखरची. कबरस्तानाच्या नळाशी जाऊन ओकले. तोंड धुताना कळलं, निम्मी किळस त्यांची होती. निम्मी माझी.

काल त्यांचा फोन. वर्षाच्या प्रार्थनेला बोलायला येतो म्हणे. विषय काय, तर अब्राहाम!

म्हटलं, "या की. पण वाचणार माझी नात. झुडपात मेंढा सापडेपर्यंत कुणी पुस्तक मिटायचं नाही. तुम्ही समोर बसून ऐकायचं."

त्यांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

रिया मराठी अडखळत वाचते. महिनाभर घोकतेय. चुकली की मी सांगते. मला पाठ आहे. सुमनच्या आवाजात पाठ आहे.

सुमन, पुढचं वाचतोय गं आम्ही. उशीर झाला.

बाकीच्यांनी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी या.

फुलं नकोत. आणि दर वेळी विसरता म्हणून सांगते, संदेश-रसगुल्ल्यांचे खोके कुणी पाठवू नका. भाकरी मी थापते. तुम्ही वांग्याचं भरीत पाठवा. झणझणीत, वर कच्चा कांदा.

तिला चालायचं ते.