भिजलेली फुलपाखरं

नवऱ्याच्या अंबत्तूरच्या नोकरीमुळे मी चेन्नईला आले आणि एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मदतनीस म्हणून लागले. तिथल्या मॅडम तंजावरी मराठी. निवृत्त झाल्या तरी रोज यायच्या, कारण फुलपाखरांचा संग्रह त्यांनीच आयुष्यभर जमवला होता. माझ्याशी बोलताना त्यांचं ते जुनं, तमिळ हेलाचं मराठी निघायचं.

'क्रो' जातीची फुलपाखरं त्यांनीच मला ओळखायला शिकवली. सगळी सारखी, काळपट तपकिरी. "रंगाचें सोड, पाय पाहा," त्या म्हणायच्या. पुढचे दोन पाय इतके आखूड की चालायच्या कामाचे नाहीत. त्यावरून कूळ कळतं. मग बिनखवल्यांच्या मिशा, पंखातल्या शिरा. शेवटी नराच्या पुढच्या पंखावरची फिकट रेघ. एक असली तर एक जात, दोन असल्या तर दुसरी.

त्या डिसेंबरात पूर आला आणि तळमजल्यावरच्या संग्रहाच्या खोलीत पाणी शिरलं. ओसरल्यावर आम्ही कुलूप काढलं, तर पेट्या फुगलेल्या, पंख काचांना चिकटलेले, टाचण्यांखालच्या चिठ्ठ्यांची शाई पार धुऊन गेलेली.

मी टीपकागद पसरून पंख वेचू लागले. "मॅडम, हे ओळखता येतंय. दोन रेघा आहेत बघा."

त्यांनी भिंगातून बघितलं. "होय, जात सांगशील. पण कोठल्या डोंगरावर मिळालें, कोणत्या महिन्यांत, तें त्याच्या अंगावर लिहिलें आहे काय?"

चिठ्ठीशिवाय नमुना अभ्यासाला निरुपयोगी, हे मलाही ठाऊक होतं.

तरी आम्ही वेचत राहिलो. बुरशीनं मॅडमना खोकला धरला. डॉक्टरांनी मनाई केली. त्या मास्क लावून आल्या. मग एक दिवस विभागप्रमुख, त्यांचाच जुना विद्यार्थी, दारात उभा राहिला. "मॅडम, खोली रिकामी करायची आहे."

"सरि," म्हणजे बरं, एवढंच त्या म्हणाल्या. नंतर दिवसभर बसून त्यांनी पेट्यांतल्या टाचण्या उपसल्या. कचरा उचलणाऱ्या बायकांच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

उन्हाळ्यात वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले, तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

"खोलींत आतां काय आहे?"

"कॉम्प्युटर. एसी बसवलाय."

"मग कोरडी असेल," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

त्याच महिन्यात त्या गेल्या.