आधी म्हाताऱ्या माणसाला विचारा

हे किस्से आम्ही काही ठरवून गोळा केले नाहीत. ड्युटी संपली की साडी बदलता बदलता कुणीतरी म्हणायचं, "खिडकीजवळचे बाबा आज काय बोलले, ऐकलं का?" असं करत करत ढीग झाला. आता मी रिटायर झाले तरी ते डोक्यातून जात नाहीत.

जालन्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून कॅज्युअल्टीला लागले, तेव्हा निर्मलाबाई आमच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. म्हातारा पेशंट आला की बोलायचे ते नातेवाईकच. दुखतंय कुठं विचारलं, तर मुलगा स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवायचा. निर्मलाबाईंचा नियम एकच होता. पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारायचं. शेवटची वेळ आली तर काय करायचं, काय नाही, हेसुद्धा त्यालाच.

"असं कसं विचारायचं, मॅडम?" मी म्हणाले.

"तोंडानं," त्या म्हणाल्या.

*

पहिल्यांदा विचारलं ते टेंभुर्णीच्या एका बाबांना. दम लागून आलेले, ऑक्सिजनवर जरा सावरले होते. मी स्टूल ओढून बसले. "बाबा, म्हणजे समजा... उद्या जरा जास्त झालं... म्हणजे तसं काही होणार नाही, पण..."

बाबांनी मास्क बाजूला केला. "पोरी, मरायचं म्हण की. मी मरायला भेत न्हाई, अन् तू बोलायला भिऊन राह्यलीस."

मग त्यांनीच मला शांतपणे सांगितलं. नळ्या नकोत, घरच्या ओसरीवर खाट टाकायची, थोरल्या लेकीला आधी बोलवायचं. मी लिहून घेतलं. बाबा आठ दिवसांत बरे होऊन चालत घरी गेले. जाताना म्हणाले, "कागद सांभाळून ठिव. लागंल."

*

केदारखेड्याच्या एका आजीला तीन मुलं घेऊन आली. पोटातला आजार खूप पुढं गेलेला. औरंगाबादला हलवायचं की नाही, यावर तिघांचा व्हरांड्यात वाद चालला होता. निर्मलाबाई त्यांना ओलांडून सरळ आजीकडं गेल्या.

"आजी, औरंगाबादला जायचं का?"

"तिथं माझ्या वळखीचं कोन हाय?"

"मोठे डॉक्टर आहेत."

"त्ये बरी करतेन का मला?"

निर्मलाबाई खोटं बोलायच्या नाहीत. "नाही आजी."

"मंग इथंच ऱ्हाऊ द्या. दुखायलंय तेवढं थांबवा."

थोरला मुलगा रडकुंडीला आला. "सिस्टर, आईला नेलं न्हाई म्हणून लोक काय म्हणतेन?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा. मी सांगते."

चार दिवस आजी आमच्याकडं होती. दुखणं वाढू दिलं नाही. शेवटी तिन्ही मुलं एकाच खाटेला टेकून बसली होती. लोक मात्र कुणीच विचारायला आले नाहीत.

*

पण विचारलं म्हणजे प्रत्येक जण नकोच म्हणतो, असं नाही हं. शहागडचे एक चाचा, जन्मभर ट्रक चालवलेले, निमोनियानं पार खचून आले. मुलगा हात जोडून म्हणाला, "आता त्यांना त्रास नको." डॉक्टरही नवे होते, वय बघून त्यांनीही मुलाच्या म्हणण्याला मान डोलावली.

निर्मलाबाईंनी चाचांच्या कानाशी वाकून विचारलं. चाचा दम घेत घेत म्हणाले, "सुई लावा, नळी लावा, जे आसंल ते लावा. बिलकुल सोडू नका."

"डॉक्टर," निर्मलाबाई म्हणाल्या, "पेशंट हो म्हणतोय."

"सिस्टर, उगीच पेशंटला विचारून घाबरवता तुम्ही."

"घाबरूनच आलेत ते. निदान कशाला घाबरलेत ते तरी कळलं."

डॉक्टर बाह्या सरसावून कामाला लागले. चार महिन्यांनी चाचा मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात उभे! सोबत आलेल्या मुलाकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्याला एकही देऊ नका."

*

आता शेवटचा. एक आजोबा हृदयाच्या त्रासानं आले, कानानं ठार बहिरे. सोबत फक्त बायको. मूल-बाळ नव्हतं. निर्मलाबाई ओरडून विचारायला लागल्या, "बाबा, जास्त झालं तर नळी टाकायची का?"

आजोबा हसून म्हणाले, "हो, हो. चहा झाला."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "मला इचारायल्या का? मला नको."

आजोबांची बायको उठली. "थांबा, तुमचं त्यायला कळायचं न्हाई."

ती त्यांच्यासमोर बसली. आधी ऑक्सिजनच्या नळीला हात लावला, मग स्वतःच्या घशाला. वर बोट केलं. मग दाराकडं, गावाच्या दिशेला. आजोबा एकटक बघत राहिले. मग त्यांनी तिच्याकडं बोट केलं आणि हात खाली ठेवला.

"काय म्हणाले?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"म्हणतेत, तू म्हणशील तसं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

तिनं आजोबांची चादर नीट केली आणि तळहात दाखवून त्यांना काहीतरी खूण केली.

"मी म्हणलं, माझं आजून ठरलं न्हाई. तवर थांबा."

"मग?"

"हो म्हणलेत."