नंदुरबारात शहादा, शहाद्यात नंदुरबार

राहण्यालायक शहर जगात एकच असतं, आणि ते म्हणजे आपण या घडीला जिथे नाही ते. हा सिद्धांत कुणी पुस्तकात मांडलाय की नाही मला ठाऊक नाही, पण माझी आत्या तो आयुष्यभर जगत आली आहे. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ही फुई जन्मली नंदुरबारात आणि दिली शहाद्यात. दोन्ही गावांमधलं अंतर म्हणाल तर एसटीत बसून जरा डुलकी लागावी आणि उतरायची वेळ यावी, एवढंच. मध्ये प्रकाशा गावापाशी तापी आडवी येते, पूल येतो, संपलं. फुईच्या लेखी मात्र हे दोन वेगळे देश आहेत, आणि ती जिथे असेल तिथे पलीकडच्या देशाची वकील असते. शहाद्यात असली की नंदुरबारची बाजू लढवणार आणि नंदुरबारात असली की शहाद्याची. दोन्ही बाजू तितक्याच निश्चयानं, पदर खोचून, समोरच्याला माघार घ्यायला लावेपर्यंत. नवख्या माणसाला वाटतं, या बाईचं काहीतरी बिनसलंय. आम्हा घरच्यांना वाटतं, चला, तब्येत ठणठणीत आहे.

पाण्याचंच घ्या. शहाद्यात तिची डाळ शिजत नाही. शेजारणींच्या डाळी त्याच पाण्यात मेणासारख्या मऊ होतात, हिची तेवढी टणक राहते. "नंदुरबारना पानीमा एक उकळीमा शिजी जास," असं ती भर दुपारी ओट्यावर बसून जाहीर करायची. नंदुरबारला आली की तेच पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून शहाद्याहून निघताना पिण्याच्या पाण्याचा डबा बरोबर. परतताना तोच डबा डाळीसाठी नंदुरबारच्या पाण्यानं भरलेला. हा डबा उचलायचं काम कायम माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही शहरांच्या पाण्याबद्दल माझंही एक मत आहे, आणि ते असं की दोन्हीचं वजन सारखंच असतं.

मिरचीचं तसंच. शहाद्यात कुणी तिखट आणलं की ती चिमूटभर जिभेवर ठेवते आणि हे औषध कुठल्या दुकानातून आणलं म्हणून विचारते. नंदुरबारच्या वेशीवर मिरच्यांच्या लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात त्या दिवसांत तिकडून वारा आला तरी भाजीला चव येते, असं तिचं म्हणणं. त्याच दिवसांत ती आमच्याकडे आली की नाकाला पदर लावून फिरणार, शिंकणार, आणि शहाद्याला कसा उसाच्या शेतावरून गार वारा येतो ते सांगणार. रेल्वेचीही तीच गत. शहाद्याला रेल्वे नाही, म्हणून शहाद्यात बसून ती रेल्वेचं गुणगान करते. रात्री गाडीची शिट्टी ऐकल्याशिवाय माणसाला झोप लागतेच कशी, असं तिथल्या बायकांना विचारते. आमच्याकडे मुक्कामाला आली की सकाळी डोळे चोळत उठते आणि त्या शिट्टीनं डोळ्याला डोळा लागला नाही म्हणते. ज्या गाडीवर एवढा जीव तिच्यात ती बसली एकदाच, सुरतेला मुलाकडे जाताना. परत आल्यावर तिनं सांगितलं की सुरतेपेक्षा ही दोन्ही गावं बरी. दोन्ही गावांचं भलं तिनं एका वाक्यात केल्याचं माझ्या आठवणीतलं हे एकमेव उदाहरण.

तिच्या या वकिलीपायी शहाद्यातल्या एका शेजाऱ्याचं मोठंच नुकसान झालं. त्या गृहस्थांना नंदुरबारात प्लॉट घ्यायचा होता. गाव माहितीची बाई म्हणून त्यांनी फुईचा सल्ला घेतला. फुईनं नंदुरबारची इतकी स्तुती केली की ते तिलाच बरोबर घेऊन प्लॉट बघायला आले. प्लॉटवर उभं राहताच फुईनं पायानं माती उकरली आणि म्हणाली, इथे काय उगवणार, शहाद्याची माती कशी काळी आणि गार. गृहस्थ परत गेले. शहाद्याच्या ओट्यावर तिनं पुन्हा त्यांना नंदुरबार पटवून दिलं. ते पुन्हा प्लॉट बघायला आले. आज त्यांची नातवंडं कॉलेजात जातात आणि ते अजून भाड्याच्या घरात आहेत.

फुईचे यजमान, म्हणजे आमचे फुवा, अबोल शेतकरी. त्यांनी या सगळ्यावर एकच तोडगा शोधला होता, तो म्हणजे दोन्ही वेळा मान डोलवणं. मला ते एकदा हळूच म्हणाले होते की दोन्ही गावं चांगलीच आहेत रे, फक्त तुझ्या फुईला दोन्हीकडे एकदम बसवता येत नाही.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस होतो, सांजोऱ्या होतात, आणि लेकीबाळींनी नुसतं झोक्यावर बसायचं असतं. या लेकींना आणायला माहेरचा माणूस जातो. तो मुराळी. पूर्वी आप्पा, म्हणजे माझे वडील, जायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी जातो. शहाद्याहून नंदुरबारला दिवसभर एसट्या धावतात, फुईच्या दारातून हाक मारली तर कंडक्टरला ऐकू जाईल, पण मुराळी गेल्याशिवाय फुई घराचा उंबरा ओलांडत नाही. एका वर्षी मला ताप होता. आईनं फोन करून सांगितलं की तेवढं गाडीत बसून या. फुई म्हणाली, ताप उतरू द्या. आखाजी होऊन गेल्यावर मी गेलो, तेव्हा ती आली आणि उतरलेल्या आमरसाबद्दल आम्हाला चार शब्द सुनावून गेली.

पुढे फुवा गेले. मुलानं सुरतेला नेलं, तिथे ती रमली नाही. शहाद्याच्या घरात ती एकटी राहू लागली आणि इकडे आप्पांची झोप उडाली. फुई त्यांच्यापेक्षा थोरली. आईमागे तिनंच त्यांना वाढवलेलं. आपले डोळे उघडे आहेत तोवर अक्का आपल्या छपराखाली यावी, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. ती नाही म्हणायची, हे फोन करायचे. ती फोन ठेवायची, हे पुन्हा करायचे. हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच घरची. शेवटी पावसाळा संपता संपता ती आली. आप्पांनी पुढची उजेडाची खोली रिकामी केली, खाट ठेवली, पंखा बदलून घेतला, आणि तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, "अक्का, आते तू पाव्हनी नही. हाई तुन्हंच घर शे."

पहिले काही महिने घर कसं भरून गेलं होतं. फुई रोज सकाळी नंदुरबारला नावं ठेवायची आणि आप्पा चहाबरोबर ती चवीनं ऐकायचे. इथली वांगी भरताच्या लायकीची नाहीत, शहाद्याला वांगं चुलीत टाकलं की गल्लीला वास. इथली माणसं सारखी घाईत, जशी काही सगळ्यांनाच गाडी गाठायचीय. इथला भाजीवाला वजन करताना बोलत नाही. आप्पा मध्येच एखादा शब्द टाकून तिला आणखी पेटवायचे आणि ती पेटली की माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. या वयात माणूस इतका खूश असू शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

होळी झाली, ऊन तापलं, आणि फुईनं नावं ठेवणं थांबवलं. आधी आमच्या लक्षात आलं नाही. मग एकदा आईनं भरीत वाढलं आणि फुई मुकाट्यानं जेवून उठली. आईनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हणालो की शहाद्यात आता फार धूळ झालीय म्हणे. ती म्हणाली, असेल. त्या एका शब्दानं आमची पाचावर धारण बसली. आप्पांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक म्हणाले. पण शहाद्याची बाजू न घेणारी फुई आम्ही कधी पाहिली नव्हती, आणि यावर कुठल्या डॉक्टराकडे औषध असणार?

आखाजी तोंडावर आली. आईनं सांजोऱ्यांचा रवा भाजला, पोळपाट मांडले, आणि एक लाटणं अगदी आपुलकीनं फुईच्या हातात दिलं. आता तुम्ही घरच्याच, म्हणाली. माझ्या आईच्या मनात यात काडीचंही वावगं नव्हतं. उलट नणंदेला आपण परकी मानत नाही, हे तिला सांगायचं होतं. फुईनं पदर खोचला, आणि सगळ्या सांजोऱ्या एकटीनं लाटल्या, एकसारख्या गोल. नंतर हात धुतले आणि खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती, पिशवी नव्हती. जी बाई कुणी न्यायला गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती, ती पहिल्या एसटीनं एकटी निघून गेली होती. थोड्या वेळानं तिचा फोन आला. "पोहचनू," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

आई सारखी विचारत होती की माझं काय चुकलं. सुरतेहून आतेभावाचा फोन आला, त्याचा सूर असा की तुम्ही आईला काहीतरी बोलला असाल. संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन फुईला फोन लावला. माझा आवाज जरा चढलेलाच होता. म्हटलं, फुई, आप्पांनी तुझ्यासाठी काय केलं नाही? नंदुरबार आवडत नसेल तर तोंडावर सांगायचं होतंस. ती म्हणाली, "नंदुरबारनं काय शे रे, चांगलं गाव शे. पन मी आठेच ऱ्हायनू... तठेच ऱ्हायनू तं माले लेवाले कोन येई? माहेर कोठे ऱ्हायनं मंग मन्हं?"

माहेरीच राहिले तर मला न्यायला कोण येणार, हे तिचे शब्द मी खाली येऊन आप्पांना जसेच्या तसे सांगितले. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यावर ठेवला. फुईला छप्पर द्यायला निघालेल्या या माणसानं तिचं माहेर तेवढं काढून घेतलं होतं, आणि तेही मायेनं. सकाळी मी उठलो तेव्हा आप्पा धुतलेले कपडे घालून, डोक्यावर टोपी ठेवून, काठी घेऊन ओट्यावर तयार बसले होते. मी म्हटलं, मी जातो ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप त्यांच्या मागे चालू लागलो. एसटीची पायरी चढताना त्यांचा गुडघा कुरकुरला, ते नाही कुरकुरले.

शहाद्याला फुईचं दार सताड उघडं होतं. चुलीवर बट्ट्या, वरण तयार, ओट्यावर भरलेली पिशवी. कोण येणार हे तिला कुणीही कळवलं नव्हतं. आप्पांना काठी टेकत येताना पाहून ती उठून उभी राहिली, आणि मला वाटतं, तिला रडायला येत होतं. "इतला ऊनमा तू कसाले उना," ती ओरडलीच त्यांच्यावर. आप्पा ओट्यावर टेकले, धाप लागली होती, तरी नीट मुराळ्यासारखे म्हणाले, "तुले लेवाले उनू, अक्का. आखाजी शे." जेवताना तिनं त्यांना आग्रह करकरून तूप वाढलं.

ती आखाजी आमच्या घरात फार वर्षांनी व्हायला हवी तशी झाली. फुईनं कशालाही हात लावला नाही. झोक्यावर बसून आमरस कसा पातळ झालाय आणि शहाद्याचे आंबे कसे गोड, ते सांगत राहिली, आणि आई प्रत्येक नावाला हसून मान डोलवत होती. सण आटोपल्यावर आप्पांनी तिला थांब म्हटलं नाही. मला ठाऊक आहे, ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. उजेडाची खोली तशीच होती, पंखा तसाच नवा होता. त्यांनी तिला लुगडं घेतलं, सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला आणि बहिणीची पाठवणी करावी तसे स्टँडपर्यंत पोचवायला आले.

फुई खिडकीशी बसली. खाली आप्पा गजाला धरून उभे होते.

"पुढली आखाजीले येसू लेवाले," ते म्हणाले.

"तू नको येजो. तुन्हा गुडघा दुखतस. भाचाले धाड."

"मीच येसू."

तिनं गजावरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. "मंग तवपर्यंत नीट ऱ्हाय म्हंजे झायं," ती म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघून कंडक्टरला गाडी का सुटत नाही म्हणून विचारू लागली.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी आप्पा तिथेच उभे होते. मी रिक्षा आणली. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं की पुढच्या वर्षी आखाजी लवकर येते की उशिरा. मी म्हटलं, घरी गेल्यावर पंचांगात बघतो. ते म्हणाले, बघ आणि मला सांग.