कमानीवर कोणाचं नाव?

हैदराबादच्या जुन्या शहरावरचं एक पुस्तक वाचून मी हिंगोलीला निघालो. यात फार शहाणपण नव्हतं, हे आधीच कबूल करतो. पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईचं प्रकरण आहे. सरकारी कोठीतला एक कारकून ज्वारी काळ्या बाजारात विकायचा. लेकरू कडेवर घेऊन एक बाई त्याच्या दारात आली, त्याने दार लावून घेतलं. लेकरू तिथेच गेलं. लेखक त्या कारकुनाला सरळ 'दुष्ट' म्हणतो आणि तळटीपेत त्याचं पूर्ण नाव आणि गाव देतो, सेनगाव तालुक्यातलं. असा माणूस कुठून येतो ते बघावंसं वाटलं. हे कुतूहल चांगलं होतं का, अजून ठरत नाही.

औरंगाबादहून सकाळची एसटी धरा, जालना-जिंतूर-औंढा करत हिंगोली. जिंतूरच्या पुढे रस्ता फुटलेला आहे, मागच्या सीटवर बसू नका. हिंगोलीत स्टँडजवळ दीडशे रुपयांत खोली मिळाली. पंखा चालतो, खिडकी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सेनगावपर्यंत एसटी, पुढे दहा रुपयांत जीप. जीप कधी सुटणार, असं विचारलं.

"थांबा की सर, रिकामीच हाय अजून," ड्रायव्हर म्हणाला.

मागून एक बाई ओरडली, "रिकामी हाय तर माझ्या पायावरचं पोतं काढ की, मुडद्या!"

गावाच्या तोंडाशी सिमेंटची नवी कमान होती. पेंटर शिडीवर उभा राहून खडूने अक्षरं आखत होता. मी नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. तळटीपेतलंच नाव!

"आमचे अण्णा," काम बघायला उभे असलेले सरपंच अभिमानाने म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आपलं पेव खोललं. जमिनीखालची सगळी जवारी वाटली. जात न्हाई पाहिली, घर न्हाई पाहिलं. देवमाणूस!"

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. न सांगता यांच्या गावात शिरायचं कसं? सांगितलं.

सरपंच हसले. "पुस्तकवाले काहीबी लिहितात, सर. चला, अण्णांच्या लेकीकडं जेवू. अख्खं गाव त्यांना आत्या म्हणतं."

आत्या पंचाहत्तरीच्या असाव्यात. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. सरपंचांनी पुस्तकाचं त्यांना सांगितलं होतंच; जेवण झाल्यावर म्हणाल्या, "वाचा, काय लिवलंय ते."

मी वाचू लागलो. लेकरू गेल्याचं वाक्य आलं, ते गाळून पुढे गेलो.

"लेकरू मेलं, ते न्हाई का लिवलं?"

मी पुस्तक मिटलं.

"मी दारातच होते," आत्या म्हणाल्या. "परकरी पोर. हातात भाकर होती माझ्या. बापानं दार लावलं. समदं खरं हाय. त्याच पैशानं हितली जमीन घेतली. पेवातली जवारी त्याच जमिनीची."

सरपंच उठून उभे राहिले. "आत्या, आता काहून बोलून राहिल्या? माझी माय जगली त्या जवारीवर!"

"जगली, बरं झालं. पण कमानीवर नाव नको."

कमानीकडून आलेल्या पेंटरने दारातून विचारलं, "रंग कालवू का?" मग सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमाला पिशवी रिकामी घेऊन येता आलं नसतं का?"

घरी येऊन आठवडा झाला, पण मी सावरलेलो नाही. जगलेलं गाव खरं, मेलेलं लेकरूही खरं. एकाने दुसऱ्याची भरपाई झाली असं मला म्हणवत नाही. आणि झाली नाही असं सरपंचांच्या आईसमोर म्हणायची हिंमत नाही.

काल सरपंचांचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

"सर, कमान कोरीच हाय. आत्या म्हणून राहिल्यात, नाव टाकायचं तर त्या बाईचं टाका. काय नाव होतं तिचं? पुस्तकात बघून सांगा की."

मी बघितलं. कारकुनाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळं आहे. तिच्यासाठी एवढंच आहे: 'एक स्त्री'.

सरपंचांना अजून फोन केलेला नाही.